तीन तांब्यांचा खुलासा

माणसं साताऱ्याला जातात ती किल्ला बघायला, पेढे खायला किंवा नांदायला. मी गेले ती एका पोस्टकार्डाशी भांडायला.

चीनच्या लढाईनंतरचं दुसरं वर्ष असेल. मुंबईच्या एका कॉलेजात मी गणिताची हंगामी अध्यापक होते. चार वर्षं खपून लिहिलेला माझा प्रबंध टंकलेखकाकडून पाच प्रतींत परत आला होता. दिवाळीची सुट्टी संपली की तो विद्यापीठात दाखल करायचा आणि दाखल झाला की कॉलेजातली माझी जागा कायम व्हायची, असं सगळं ठरलेलं होतं.

प्रबंधाचा विषय सांगितला की लोक घाईनं 'पाणी आणू का?' विचारतात, म्हणून सोपा करून सांगते. गणितात हालचालींचे गट असतात. काही गट समंजस असतात. दोन पावलं पूर्वेला जाऊन मग तीन उत्तरेला जा, नाहीतर आधी उत्तरेला जाऊन मग पूर्वेला जा, पोचता तिथंच. काही गट मात्र भांडखोर. त्यांत क्रम बदलला की मुक्काम बदलतो. मी या भांडखोरांची. अशा गटातल्या प्रत्येक ठिकाणी एक संख्या मांडायची, मग ती पुसून तिथं तिच्या शेजाऱ्यांची सरासरी लिहायची, मग पुन्हा सरासरी, पुन्हा सरासरी. असं करत गेलं की त्या संख्यांचे चढउतार कसे विरत जातात, ते एकेक सूर सुटा करून ऐकावा तसं तपासायचं. हा माझा धंदा.

प्रबंधाचा सारांश मी मराठीत लिहून शिक्षकांच्या एका त्रैमासिकात छापला होता. त्यात अकराव्या पानावर एक वाक्य होतं, ज्यावर मी मनातून फार खूश होते. 'क्रमाचा हट्ट एकेका पावलाला असतो. सरासरीला तो नसतो.' म्हणजे पावलं भांडखोर असली, तरी दोन सरासऱ्या कुठल्याही क्रमानं घ्या, फळ एकच. सगळा प्रबंध या खुंटीला टांगलेला होता.

महिन्याभरानं कोरेगावच्या एका हायस्कुलातून पोस्टकार्ड आलं. 'डॉक्टरसाहेबांस सप्रेम नमस्कार. आपल्या लेखातील पान अकरा, ओळ चौथी ही आमच्या घरातील तीन तांब्यांस लागू पडत नाही. खुलासा व्हावा. आपला, द. रा. बनसोडे, सहशिक्षक.'

आमच्या सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, ते दोनदा वाचलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले. मग आठ पानांचा खुलासा लिहिला, चांगला चिन्हांनी भरून, की माणूस पुन्हा तांब्याचं नाव काढणार नाही. उलट टपाली उत्तर आलं : 'आपली आठ पाने वाचली. तांब्यांत फरक पडला नाही.'

सर म्हणाले, "सोडून दे. खेड्यातल्या मास्तराचं पोस्टकार्ड. परीक्षकांना तांबे माहीत नाहीत." सरांचं खरं होतं. पण मला कुणी न घाबरता उत्तर दिलं की माझं डोकं फिरतं. प्रबंधाची एक प्रत पिशवीत टाकून मी एस.टी.त बसले. मास्तराला समोरासमोर गाठायचं, दोन तास फळ्यावर रगडायचं आणि त्याच्याकडून 'समजले' असं लेखी घेऊन यायचं, हा माझा बेत.

सातारा

साताऱ्यात माझी मावशी मंगळवार पेठेत राहायची. या गावात वारांच्या पेठा आहेत, त्यामुळे मंगळवारातून निघून दहा मिनिटांत शनिवारात पोचता येतं आणि मधले दिवस अंगावर येत नाहीत. फक्त चढ येतात. मुंबईत आम्हाला जिने माहीत, पण साताऱ्यात अख्खा रस्ताच जिन्यासारखा वर जातो आणि त्यावरून म्हाताऱ्या बायका भाजीच्या पिशव्या घेऊन गप्पा मारत चढतात. मी मात्र प्रत्येक वळणावर किल्ल्याचं सौंदर्य न्याहाळत उभी राहत होते. दम लागला असं कबूल करण्यापेक्षा ते बरं दिसतं.

मावशीनं चकल्यांचा डबा पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "नलू, चार वर्षं नक्की काय करत होतीस गं?"

"सरासरी काढत होते."

"किती आली?"

मी चकली मोडून तोंडात घातली. मावशीनं हळहळून आणखी दोन चकल्या वाढल्या. चार वर्षांत ज्या मुलीला एक सरासरी काढता आली नाही, तिनं निदान पोटभर खावं, असा त्यातला भाव होता.

कोरेगाव

दुसऱ्या दिवशी कोरेगावच्या गाडीत शेजारी रजेवर आलेला एक फौजी होता. मांडीवर खाकी पिशवी, मिशा नीट कातरलेल्या. बायकांशी बोलावं की नाही याचा त्यानं नदीचा पूल मागं पडेपर्यंत विचार केला, मग बोलला.

"बाई, कुटल्या शाळंवर असता?"

मी कॉलेजात आहे म्हटल्यावर त्यानं विषय विचारला. मी क्रम बदलला की मुक्काम बदलणाऱ्या हालचालींबद्दल सांगितलं. मला वाटलं, आता हा खिडकीबाहेर बघणार. पण तो एकदम खुलला.

"म्हंजी ड्रिलच की वो! आदी 'दाहिने मुड' नि मग 'आगे बढ' येगळं, आन् आदी आगे बढून मग मुडलं तर येगळं. आमच्या कंपनीत एक गडी कायम उलटं करायचा. थेट नाल्यात."

"पण सगळ्या कंपनीची सरासरी काढली तर?" मी विचारलं. सवय वाईट.

"सरासरी काडून काय करायचं बाई? नाल्यात गेला त्यो गेलाच की."

मी हसले आणि ते सोडून दिलं. फौजी माणसाला सरासरी कशी कळणार, असं मनात म्हटल्याचंही आठवतं. आज त्याची मनापासून माफी मागते.

हायस्कूल सुट्टीमुळं बंद होतं. हेडमास्तर घरी भेटले. त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तिथला वाघ्या घेवडा, त्याची दाट उसळ, वर कच्चा कांदा. मुंबईच्या बाजारात आम्ही घेवडा म्हणून जे विकत घेतो, ते या घेवड्याचं फार लांबचं नातेवाईक असावं. तिसऱ्यांदा वाढून घेताना मी कामाचं विचारलं.

"बनसोडे? ते सुट्टीला गावी गेले. आष्ट्याच्या पल्याड वाडी हाय त्यांची." हेडमास्तरांनी आवाज खाली आणला. "माणूस हुशार हो. बी.एस्सी. झालेला त्यांच्या वाडीतला पहिलाच. पण एक खोड हाय. कुटलाबी सिद्धांत आला की भांड्यात घालून बगतात. मागं आर्किमिडीज शिकवताना आमची दोन पातेली नेली, अजून आली न्हाईत."

म्हणजे तांब्यांचा रोग जुना होता. मला बरं वाटलं.

आष्ट्याच्या वाटेवर

सातारा, कराड, इस्लामपूर, आष्टा. गाड्या बदलण्यात दिवस गेला, त्याबद्दल न बोललेलं बरं. इस्लामपूर सोडलं की दोन्ही बाजूंना ऊस लागतो आणि मग उसाशिवाय काही लागतच नाही.

आष्ट्याच्या स्टँडवर हाटेलवाल्यानं चहा देता देता विचारलं, "कुणाच्यात जायाचं?"

"बनसोडे मास्तरांकडं."

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं, माझ्याकडं बघितलं. "त्ये व्हय. त्ये वरल्या अंगाला, नव्या वस्तीत ऱ्हात्यात. बाई, तुमी एकल्या बाईमानूस. पाटलांच्यात उतरा की. मी सांगावा धाडतो."

तो वाईट माणूस नव्हता. माझी सोय बघत होता. पण कसली सोय बघत होता हे मला कळलं, आणि मी न कळल्याचं सोंग घेतलं. "मास्तरांनी बोलावलंय," असं खोटंच ठोकून उठले.

वाडी किती लांब, हे मी तिघांना विचारलं. पहिला म्हणाला, "ह्ये काय, हाकंच्या अंतरावर." दुसरा म्हणाला, "दोन कोस हाय." तिसरा म्हणाला, "चालाय लागा, येतंय." मी तज्ज्ञ बाई. हाकेच्या अंतराला शून्य धरलं, तिसरं उत्तर निरुपयोगी म्हणून बाद केलं आणि सरासरी काढली : एक कोस. बरोबर एक कोस चालून मी थांबले. हिशेबानं तिथं वाडी असायला हवी होती. तिथं ऊस होता. चारी बाजूंना माझ्यापेक्षा उंच ऊस आणि मधे मी, प्रबंधासकट. तिघांत खरं उत्तर एकाचंच होतं, ते म्हणजे मी बाद केलेलं.

वास आला म्हणून वाचले. वासाच्या मागं गेले तर गुऱ्हाळ. काहिलीत रस रटरटत होता आणि गुळव्या, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेला साठीचा माणूस, लांब दांड्यानं तो ढवळत होता. मी वाट विचारली. त्यानं आधी खायला दिलं, मग वाट सांगितली. उसाच्या कांड्यावर ताज्या गुळाचा सोनेरी गोळा. मी तो सरळ तोंडात घातला.

पुढचा काही वेळ मी काय केलं ते मला सांगायचं नाही.

"आवं आवं!" गुळव्या ओरडला. "आदी फुकायचं, मग खायाचं! येवड्या शिकल्याल्या दिसता नि!"

क्रमाच्या तज्ज्ञ बाईला क्रम शिकवून त्यानं वाटेला लावलं. जीभ अशी भाजली होती की 'स' आणि 'र' तोंडातून निघेनात. माझ्या विषयात या दोन अक्षरांवाचून पान हलत नाही. मास्तराला दोन तास रगडायचा बेत इथंच निम्मा बारगळला.

वाडी

नव्या वस्तीत दहाबारा घरं, सारवलेली, पुढं एक विहीर, तिचे दगड अजून पांढरे. मास्तरांचं घर शेवटचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि खाली दाराच्या जुन्या फळीला काळा रंग देऊन केलेला फळा. दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, नजर अशी की आपण गृहपाठ केला नाही हे तिला आधीच ठाऊक असावं.

मी तोंडावर पदर धरून कसंबसं सांगितलं, मुंबईहून आले, मास्तरांना भेटायचं. म्हातारी उठली, पाण्याचा तांब्या भरला आणि तो हातातच धरून थांबली.

"आमच्यातलं पानी चालंल नव्हं, बाई?"

मला फार लाज वाटली. माझी नव्हे, तर तिला हे विचारायची सवय ज्यांनी लावली त्या सगळ्यांची, आणि त्यांत मी येतेच. मी तांब्या घेतला, पुरा प्याले आणि रिकामा पुढं केला. ती दुसरा भरायला वळली, तेव्हा पहिल्यांदा हसली. तिचं नाव साळूबाई.

मास्तर आले. तिशीचा, सडपातळ, लाजाळू माणूस. त्यांनी माझ्या मागं कोणी पुरुष उभा आहे का ते पाहिलं. लेखावर माझी नुसती आद्याक्षरं होती, त्यामुळे ते इतके दिवस एका टक्कल पडलेल्या साहेबांशी पत्रव्यवहार करत होते.

"बाई, म्हंजी... तुमीच त्ये?"

मी मान डोलावली. त्यांनी घाईघाईनं पेटीतून एक वही काढली. तीत माझी आठही पानं त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून काढली होती, एकेक चिन्ह, समासात पेन्सिलीनं प्रश्न. मी ती पानं माणूस गप्प बसावा म्हणून लिहिली होती आणि या माणसानं ती समजून घ्यायला बसून नकलली होती. माझी भांडायची खुमखुमी इथं जरा थंडावली. जीभ तर भाजलेलीच होती.

मास्तरांची मंडळी बाळंतपणाला माहेरी होती. साळूबाईंनी भाकरी आणि खर्डा वाढला. माझी भाजलेली जीभ आणि तो मिरचीचा खर्डा यांची गाठ पडली, तेव्हा मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग हुलग्याचं माडगं दिलं, ते मात्र अमृतासारखं उतरलं.

"आता तांबे दाखवा," मी म्हटलं.

मास्तरांनी तीन तांबे ओळीनं मांडले. सारखेच, पितळी. पहिला काठोकाठ भरला, दुसरा आणि तिसरा रिकामा ठेवला.

"शेजारच्या दोन तांब्यांतलं पाणी सारखं करायचं, ही एक सरासरी. बरोबर?"

"बरोबर."

"आता बगा. आदी पहिला नि दुसरा सारखा करतो." अर्धा, अर्धा, रिकामा. "मग दुसरा नि तिसरा." अर्धा, पाव, पाव. त्यांनी तिन्ही तांब्यांत मला वाकून बघायला लावलं. मग सगळं पाणी पुन्हा पहिल्यात ओतलं. "आता क्रम बदलतो. आदी दुसरा नि तिसरा सारखा करा."

"दोन्ही रिकामेच आहेत."

"व्हय. सारखेच हायती. सरासरी झाली. आता पहिला नि दुसरा."

अर्धा, अर्धा. आणि तिसरा तांब्या कोरडा.

"तुमच्या चौथ्या ओळीपरमानं दोन्ही डावांत सारखं याया पायजे," मास्तर अगदी हळू म्हणाले. "माझंच कायतरी चुकतंय का, त्येवढं सांगा."

मी त्या तांब्यांकडं बघत बसले. सहा महिन्यांच्या पोराला कळावं इतकं ते सोपं होतं. अदलाबदल न चालणाऱ्या गटांत जो सगळ्यात छोटा, तीन वस्तूंच्या फिरवाफिरवीचा, तोच समोर पितळी होऊन बसला होता. चूक कशी झाली तेही लख्ख दिसलं. ती ओळ माझ्या पहिल्या प्रकरणातली होती, समंजस गटांबद्दलची. तिथं ती खरी होती. चौथ्या प्रकरणात मी भांडखोर गटांच्या गावी मुक्काम हलवला आणि सामानाबरोबर ती ओळही न तपासता घेऊन आले.

पण मी हार मानणारी नव्हे. एक पळवाट सुचली आणि ती बोबड्या जिभेनं मी जोरात मांडली. "एकदाच का करायचं? पुन्हा पुन्हा करत राहा. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, परत पहिला-दुसरा. शेवटी तिन्हींत सारखं होणारच. कुठल्याही क्रमानं सुरू करा."

मास्तर विचारात पडले, कारण हे खरं होतं. उत्तर आलं ते चुलीकडून.

"शेवटाला सारकं व्हतंय," साळूबाई शेंगांवरून मान वर न करता म्हणाल्या. "म्या कुटं न्हाई म्हंती? पर तवर तान थांबती व्हय?"

मग त्यांनी सांगितलं. ही नवी विहीर आत्ताची. त्याआधी गावच्या विहिरीवर यांना हात लावू देत नसत. काठाच्या लांब बसायचं आणि कुणाला दया आली की त्यानं वरून घागरीत ओतायचं. बहुतेक दिवशी एकच घागर भरून मिळायची, ती ज्या घरची बाई पुढं असेल तिची. शेजारच्या तीन घरांनी ती वाटून घ्यायची. तीन घागरींत सारखं वाटणं डोळ्यांना जमत नाही, दोन मात्र शेजारी ठेवल्या की पाण्याची रेघ जुळवता येते. म्हणून दोघी-दोघींनी सारखं करायचं, ही त्यांची रीत.

"मदल्या घरची चिंगी माजी मैतरीन. घागर वरच्या घराला मिळाली, की तिनं आदी वरच्या घराशी सारकं करून मग माज्याकडं यायचं, तर मला पाव घागर. पर कवा तिचं नि वरच्या बाईचं बिनसलं, की ती आदी माज्याकडं यायची. म्हनायची, चल साळू, आपुन दोगी सारक्या करू." साळूबाई हसायला लागल्या. "दोन मोकळ्या घागरी! काय सारकं करनार? मग ती वर जायाची, आर्दी भरून घरात जायाची. नि मी बसले वाट बगत."

"मग परत वाटायचं ना," मी म्हटलं.

"पुन्यांदा वाटाय तिच्या घागरीत काय ऱ्हायाचं? तवर सैपाक व्हायाचा, पोरं प्यायची. कुनी शेवटापत्तूर थांबत न्हाई, बाई."

गंमत म्हणून सांगत होत्या त्या. माझ्या प्रबंधात पाणी प्यायला कोणीच नव्हतं, म्हणून शेवटाची वाट बघायला माझं काही जात नव्हतं.

मास्तर वही मिटून म्हणाले, "खरं सांगू का बाई? तुमचं वाक्य वाचून लय बरं वाटलं व्हतं. क्रमाचा हट्ट सरासरीला नसतो. मी फळ्यावर लिहून ठिवलं व्हतं. म्हटलं, शिकलेल्या माणसानं सिद्ध केलंय, म्हंजी खरं असणार. आईला दाखवाया तांबे मांडले, तर जुळंना. मला वाटलं, माझ्याच तांब्यात खोट हाय. तुमी आठ पानं लिवलीत, तवा वाटलं आता जुळंल."

हा माणूस माझी चूक काढायला बसला नव्हता. माझी ओळ खरी निघावी म्हणून तो दोन महिने झटला होता. मला रडू आलं आणि ते मी खर्ड्यावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्या फळ्यापुढं बसलो. काय वाचतं ते बघत होतो. दुपारपर्यंत एवढं हाती लागलं : जी सरासरी सगळ्यांकडं सारख्याच नजरेनं बघते, कुठल्याही जागेवरून पाहिली तरी जी तशीच दिसते, तिला क्रमाची भीती नाही. ती कुणाच्याही आधी घ्या, नंतर घ्या, बिघडत नाही. बाकीच्यांना मात्र क्रम सुटत नाही. म्हणजे माझा सिद्धांत चार आणे खरा होता. मास्तरांनी ते साळूबाईंना समजावलं.

"म्हंजी तिगींच्या घागरी एकदमच भरायच्या," त्या म्हणाल्या. "त्ये आमाला कवाच ठावं व्हतं. भरनारा पायजे."

निघताना मास्तर विहिरीपर्यंत आले आणि खाली बघत म्हणाले, "बाई, तुमी प्रबंधात बदलू नका हवं तर. तुमची नोकरी हाय त्यावर. वाचणार कोण? मी काय कुणाला सांगत न्हाई."

हेच तर मला हवं होतं. याच्यासाठीच मी मुंबईहून निघाले होते. जगात ही चूक माहीत असलेला एकच माणूस, आणि तो स्वतःहून तोंड बंद ठेवायला तयार. शिवाय चौथ्या ओळीत 'पुरेशा काळानंतर' हे दोन शब्द घुसवले की परीक्षकांच्या बापाला कळणार नव्हतं. हे दोन शब्द मी सांगलीपर्यंतच्या गाडीत मनातल्या मनात किमान पन्नास ठिकाणी लिहून पाहिले. कुठंही छान बसत होते.

सांगली

सांगलीत मिरजेच्या गाडीला वेळ होता. हळदीच्या पेठेतून चालले तर सगळं पिवळं. पोती, हमालांचे हात, भिंती, एका कुत्र्याची पाठसुद्धा. मुंबईत हळद चिमटीनं वापरतात, इथं ती वाऱ्यानं अंगावर येते. मी भडंगाची पुडी घेऊन नदीकाठी बसले. जीभ अजून दुखत होती आणि भडंग तिखट होतं, पण या प्रवासात माझा तिखटाशी करारच झाला होता.

नदी भरून वाहत होती. सरासरी काढायची तर या जिल्ह्यात माणशी भरपूर पाणी. हे मनात आलं आणि भडंगाचा घास तोंडातच राहिला.

मी उठले, तारघर गाठलं आणि सरांच्या घरी ट्रंककॉल लावला. तासा-दीड तासानं लागला. खरखरीतून सरांचा आवाज आला. "काय गं, मास्तर पटला का?"

"सर, प्रबंध दाखल करू नका. अकराव्या पानावरची ओळ खोटी आहे."

"कुणी सांगितलं? त्या मास्तरानं?"

"त्यांच्या आईनं."

सरांनी तांब्यांची रीत विचारली. मी सांगितली. ते मोठे गणिती होते, दुसऱ्या वाक्याला त्यांना कळलं. "जागा जाईल तुझी," ते म्हणाले. "दोन शब्द घालून निभेल, तुला सुचले असतीलच."

"सुचले, सर."

"मग?"

"कुणी शेवटापर्यंत थांबत नाही, सर."

त्यांना याचा अर्थ लागला की नाही कोण जाणे. "ये परत," एवढं म्हणाले आणि लाइन तुटली.

जागा गेलीच. ती मिळालेल्या गृहस्थांचा प्रबंध समंजस गटांवर होता. वर्षभर मी शिकवण्या केल्या, मनस्ताप सोसला, साताऱ्याच्या मावशीला 'अजून आली नाही' असं कळवलं. दीड वर्षानं नवा प्रबंध गेला. पहिल्याच्या निम्मा जाड आणि सगळा खरा. पहिल्या पानावर एकच उदाहरण होतं, तीन घागरींचं, आणि त्याखाली ते साळूबाई बनसोडे यांच्याकडून मिळाल्याची नोंद.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पान बराच वेळ समोर धरलं. "हे तर अगदी बाळबोध आहे," ते म्हणाले. "तुम्ही चार वर्षं यावर काम करत होतात. तुमचे सर होते, मीही तुमचा आधीचा लेख वाचला होता. इतकी साधी गोष्ट आपल्यापैकी एकालाही कशी दिसली नाही?"

मी म्हटलं, "सर, तिसरी घागर आपल्यापैकी कुणाचीच नव्हती."